विमानतळावरील विमान-वाहन टक्कर
इंजिनाच्या बळावर जमिनीवरून सरकणाऱ्या विमानाची विमानतळाच्या आवारातील वाहनाशी होणारी धडक. स्टँडवरून, म्हणजे विमान उभे करण्याच्या जागेवरून, धावपट्टीकडे किंवा उतरल्यावर धावपट्टीकडून स्टँडकडे जाण्याच्या या हालचालीला ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. उभ्या विमानाला लागलेला धक्का आणि धावपट्टीवरील अपघात हे याचेच जवळचे प्रकार.

नियम सोपा आहे : विमानाला वाट द्यायची ती वाहनाने. त्याचे कारण कॉकपिटमध्ये बसल्यावर कळते. ए३२० जातीच्या विमानाचा पंखविस्तार सुमारे ३५ मीटर असतो, पण पंख वैमानिकाच्या बरेच मागे असतात आणि मोठ्या विमानांत त्यांची टोके त्याला बहुधा दिसतच नाहीत. नाकाच्या अगदी पुढची जमीनही नजरेआड असते. शिवाय सत्तर टनांच्या आसपासचे धूड ऐनवेळी बाजूला घेता येत नाही. म्हणून इंजिन सुरू होण्याआधीच विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवे लुकलुकू लागतात. जवळच्या प्रत्येक ड्रायव्हरसाठी ती थांबण्याची खूण असते.

टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांच्या टॅक्सी करण्याच्या मार्गावर, आणि धावपट्टीवर वाहनाला नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या आवारात, मात्र इंधनाचे टँकर, सामानाचे ट्रॅक्टर, जिने आणि बस रंगवलेल्या रस्त्यांवरून सतत ये-जा करतात. तिथे सारी भिस्त ड्रायव्हरच्या नजरेवर असते आणि खरी कच्ची जागा हीच आहे. टोरोंटोच्या पिअरसन विमानतळावर १० मे २०१९ च्या पहाटे, अंधारात, टॅक्सी करणाऱ्या डॅश-८ विमानाला इंधनाचा टँकर धडकला. टँकरच्या पुढे बसवलेला उचलता येणारा मंच आणि त्याचे खांब ड्रायव्हरची उजवीकडची नजर अडवत होते, त्यात काचांवर बाष्प धरले होते. प्रवासी जखमी झाले, पण आग लागली नाही. अशा अपघातात केवळ ड्रायव्हरच्या बेफिकिरीवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरते. गाडीची रचनाच नजर अडवत असेल, तर सावध माणसालाही विमान दिसणार नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे. १६ मे २०२४ रोजी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या टगला धडकले. सुमारे १८० प्रवासी सुखरूप राहिले, विमानाच्या नाकाचे आणि चाकाजवळच्या भागाचे नुकसान झाले. पुण्याच्या याच लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर फेब्रुवारी २०२० मध्ये उड्डाणासाठी धावणाऱ्या ए३२१ विमानापुढे जीप आली होती. वैमानिकांनी विमान वेळेआधीच उचलून टक्कर टाळली; विमानाच्या सांगाड्याला इजा झाली, तरी ते दिल्लीत सुखरूप उतरले.

धावपट्टीवर वेग वाढलेला असतो, त्यामुळे तिथे किंमतही जबर मोजावी लागते. मॉस्कोच्या व्नूकोवा विमानतळावर २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री उड्डाण घेणारे फाल्कन ५० हे छोटे जेट विमान बर्फ हटवणाऱ्या गाडीला धडकले. त्यात टोटाल या फ्रेंच तेलकंपनीचे प्रमुख क्रिस्तोफ द मार्जरी आणि तिघे विमान कर्मचारी मृत्युमुखी पडले. पेरूची राजधानी लिमात १८ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रतिसादाची वेळ मोजण्याच्या सरावासाठी निघालेली अग्निशमन गाडी उड्डाणासाठी धावणाऱ्या लाटाम या विमानकंपनीच्या ए३२० निओ विमानासमोर आली. विमानातील सर्व जण वाचले, गाडीतील दोन जवान मात्र जागीच गेले.

उपाय बरेच आहेत : एअरसाइडवर, म्हणजे विमाने वावरतात त्या भागात, वाहन चालवण्याचा वेगळा परवाना, धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची थांबरेषा, वाहनाच्या टपावर फिरता दिवा, जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार. अडचणीच्या जागी तरीही जुनीच पद्धत चालते : विमान मागे ढकलताना पंखांच्या टोकांपाशी चालणारी, कांड्या हलवून इशारा देणारी माणसे.