नेम कच्चा असलेले दोन गार्ड एकत्र चालतात का?

मे 2015. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या बाद फेरीत मेम्फिस संघाने गोल्डन स्टेट संघावर मालिकेत 2-1 अशी आघाडी घेतली होती. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी मेम्फिसचा गार्ड (म्हणजे बहुतेक रिंगपासून लांब राहून खेळणारा खेळाडू) टोनी ॲलन याला रोखायला सात फुटी सेंटर (म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगटला नेमलं, तेही नावापुरतं. बोगट रिंगजवळच थांबला. ॲलन तीन गुणांच्या रेषेवर (जिच्या बाहेरून चेंडू रिंगमध्ये टाकला की तीन गुण मिळतात) एकटा, समोर कोणी नाही! लांबून त्याचा नेम लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोल्डन स्टेटने तो सामना आणि पुढचे दोन्ही जिंकले.

एका गार्डमुळे ही अवस्था, तर दोघांमुळे काय होईल?

हिशेब साधा आहे. लांबून 30 टक्के नेम असेल तर शंभर प्रयत्नांत 90 गुण मिळतात. रिंगखालून, जिथे दोनच गुण मिळतात, 60 टक्के चेंडू आत गेले तर 120. मग बचाव करणारा त्या गार्डला खुशाल सोडून आत सरकतो. उंच फटका न जमणारा फलंदाज आला की कर्णधार सीमारेषेवरचे क्षेत्ररक्षक आत बोलावतो, तसंच हे. चांगल्या नेमबाजाच्या बाबतीत ही मुभा नसते. चार-पाच मीटर अंतर धावून कापायला जवळपास सेकंद जातो, तेवढ्यात चेंडू त्याच्या हातातून सुटलेला असतो.

पूर्वी हे चालून जायचं. मॅजिक जॉन्सन आणि नॉर्म निक्सन हे दोघेही गार्ड लांबून मारणारे नव्हते, तरी त्यांच्या लेकर्स संघाने 1980 आणि 1982 मध्ये विजेतेपद मिळवलं. तेव्हा आपला माणूस सोडून आत घुटमळायला नियमाचीच आडकाठी होती. 2001 मध्ये ती गेली.

फिलाडेल्फिया संघाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्यांचा गार्ड बेन सिमन्स उंच, वेगवान, पास देण्यात तरबेज; पण 2017-18 च्या मोसमात त्याचा तीन गुणांचा एकही फटका लागला नाही. तरी भोवती जे. जे. रेडिकसारखे नेमबाज होते आणि संघाने 52 सामने जिंकले. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या जोडीला मार्केल फुल्ट्झ आला. खांद्याच्या दुखण्याने या गुणी पोराचा नेमच हरवला होता. सामन्याच्या पूर्वार्धाच्या सुरुवातीला फुल्ट्झ मैदानात असायचा, उत्तरार्धाच्या सुरुवातीला रेडिक. सिमन्स-फुल्ट्झ जोडीवर प्रशिक्षकांचाच पूर्ण भरवसा नव्हता, हे त्या अदलाबदलीतून दिसत होतं.

तरीही माझं उत्तर सरसकट ‘नाही’ असं नाही. अशा दोघांनी चेंडू हिसकावून, समोरचा बचाव उभा राहण्याआधीच धाव घेतली तर नेमाची फारशी गरज उरत नाही. मोकळा सोडलेला गार्ड जागेवर न थांबता आत शिरला, हुकलेला चेंडू झेलायला धावला, तर सोडणाऱ्यालाच महागात पडतो. पण बाद फेरीत एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत गाठ असते आणि प्रत्येक उणीव हेरायला प्रतिस्पर्ध्याला वेळ मिळतो. तिथे उरलेल्या तिघांना लांबून मारता यायलाच हवं, सेंटरला तर नक्कीच. असा संघ खेळताना दिसला की माझी नजर आधी सेंटरकडे जाते: तो रिंगखाली उभा आहे, की रेषेबाहेर?