पीसीओएस, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि २००३ची व्याख्या : पार्श्वभूमी
पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय व संप्रेरकांशी संबंधित विकार) असलेल्या स्त्रियांना वंध्यत्वाच्या उपचारांसोबत अँटिऑक्सिडंट गोळ्या लिहून दिल्या जातात, पण त्यामागचा पुरावा आजही विस्कळीत आहे, आणि त्याचे एक मोठे कारण २००३ साली रॉटरडॅम येथील बैठकीत ठरलेले या विकाराच्या निदानाचे निकष हे आहे. १९९०पासूनच्या व्याख्येत बीजमोचनातील (अंडाशयातून बीज बाहेर पडण्यातील) अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. २००३मध्ये त्यांना सोनोग्राफीत दिसणाऱ्या अंडाशयाच्या स्वरूपाची जोड मिळाली आणि तिन्हींपैकी कोणतीही दोन लक्षणे पुरेशी ठरली. अंडाशयात २ ते ९ मिलिमीटरची १२ किंवा अधिक पुटके (बीज वाढणाऱ्या छोट्या पिशव्या) असणे, अथवा त्याचे आकारमान १० मिलिलिटरहून जास्त असणे, ही सोनोग्राफीची मर्यादा होती. पडद्यावर कडेने माळेसारखी दिसणारी ती काळी वर्तुळे वस्तुतः गाठी नसून वाढ मध्येच थांबलेली बीजपुटके असतात. तरीही १९३५च्या सात रुग्णांच्या वर्णनापासून चिकटलेला ‘सिस्ट’ हा शब्द सुटला नाही, आणि त्याने कित्येक स्त्रियांना विनाकारण घाबरवले आहे.

या निर्णयामुळे आधी निदानाबाहेर राहिलेल्या अनेकींच्या तक्रारींची दखल घेतली गेली, हे मान्य करायला हवे. संशोधनाला मात्र तो महाग पडला. पेशींतील ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांना आवर घालतात त्या सक्रिय ऑक्सिजन रेणूंचा भार वाढण्याचा, संबंध इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, वजन आणि पुरुषी संप्रेरके यांच्याशी जोडला जातो. ही संप्रेरके वाढलेली नसलेल्या स्त्रियाही त्याच नावाखाली आल्यावर एका अभ्यासाचे आकडे दुसऱ्याशी जुळेनासे झाले.

मोजमापाचीही अडचण होतीच. ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ ही संकल्पना १९८५मध्ये रूढ झाली, आणि त्यासाठी सर्रास वापरली गेलेली चाचणी म्हणजे रक्तद्रव विशिष्ट आम्लासोबत तापवून येणाऱ्या गुलाबी रंगाची तीव्रता मोजणे. तो रंग मेदाच्या ऱ्हासातून बनणाऱ्या एका पदार्थाचा मानला जातो, पण इतर पदार्थांनीही येतो. शिवाय हे सक्रिय ऑक्सिजन रेणू निव्वळ घातक नाहीत. उंदरांवरील २०११च्या प्रयोगात अंडाशयाजवळ अँटिऑक्सिडंट दिल्यावर बीजमोचनच घटले होते, आणि गोळ्यांच्या उत्साहात या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे वाटते.

बीजमोचन घडवून आणणाऱ्या लेट्रोझोल या औषधाची कथा वेगळी आहे. २०१४मध्ये ७५० स्त्रियांच्या चाचणीत त्याने २७.५ टक्के, तर क्लोमिफीन या जुन्या औषधाने १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले, आणि २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बीजमोचनासाठी त्याला पहिली पसंती मिळाली. अँटिऑक्सिडंटच्या चाचण्या बहुतांशी लहान राहिल्या. २०१८मध्येच आधुनिक यंत्रांसाठी पुटकांची मर्यादा १२वरून २०वर गेली, २०२३मध्ये प्रौढांसाठी सोनोग्राफीऐवजी रक्तातील एएमएच (बीजपुटकांतून स्रवणारे संप्रेरक) तपासण्याचा पर्याय आला. आणि निरनिराळ्या मर्यादांनी निवडलेल्या स्त्रियांचे आकडे आढाव्यांत अजूनही एकाच बेरजेत मिळवले जातात.