थोडं विसरल्याशिवाय पक्कं होत नाही

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर एक पत्रक वाटत होते. मुलाच्या दहा बोटांचे ठसे द्या. तो 'बघून शिकणारा', 'ऐकून शिकणारा' की 'करून शिकणारा' हे आम्ही सांगतो आणि खास त्याच्यासाठी अभ्यासाचा आराखडा करून देतो, असा मजकूर. शेजारच्या काकू दहावीतल्या मुलीचं नाव नोंदवायला निघाल्याच होत्या. त्यांना जिन्यात उभं राहून जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि जन्माच्या कितीतरी आधी कायमच्या ठरतात. बोटाच्या टोकाचा फुगीरपणा आणि वाढत्या त्वचेच्या थरांतला ताण यांचा त्यात मोठा वाटा असतो. म्हणून तर एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे निघतात. त्यांवरून मूल कसं शिकेल हे वाचणं आणि तळहातावरून नशीब वाचणं यात काहीही फरक नाही. 'बघून-ऐकून-करून' ही विभागणीसुद्धा टिकलेली नाही. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे प्रयोग तपासले. शैलीनुसार शिकवलं की मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच, पण नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कवितेची चाल सगळ्यांनाच ऐकून.

मग प्रत्येक मुलागणिक खरोखर वेगळं काय असतं? कोण काय विसरलं, हे. आणि ते फक्त पुस्तक मिटल्यावर कळतं.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार सत्रं तो फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं : वाचणारे ४० टक्क्यांवर, लिहून काढणारे ६१ वर. पहिल्या गटाने उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, दुसऱ्याने तीन-साडेतीन वेळा. तरी आठवड्याने आपल्याला किती आठवेल याची जास्त खात्री पहिल्या गटालाच होती! पान ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की येतंय. हायलाइटरने पिवळं केलेलं गाईड मुलांना असंच फसवतं.

दुसरी गोष्ट मध्ये सोडलेल्या वेळाची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ साली निष्कर्ष छापले. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. मेहनत जवळपास निम्मी.

असं का होतं, हे समजून घ्यायला समुद्रातल्या एका गोगलगाईकडे जावं लागतं. तिचं नाव अ‍ॅप्लिसिया. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी तिच्यावर आयुष्य घालवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. शेपटीला एकदा विजेचा हलका झटका दिला की ती थोडा वेळ बिचकते, मग विसरते. तेच झटके मध्ये अंतर ठेवून पाच वेळा दिले तर दुसऱ्या दिवशीही बिचकते. झटक्यामुळे चेतापेशीवर सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं. त्याने पेशीच्या आत पीकेए नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. एकाच झटक्यात ते चेतासंधीपाशीच, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडापाशीच, काम करून शांत होतं. झटके पुन्हापुन्हा आले तर मात्र ते आणखी एका विकराला, मॅपकेला, सोबत घेऊन केंद्रकात शिरतं. तिथे क्रेब-२ हे प्रथिन ब्रेकसारखं जनुकं दाबून बसलेलं असतं. मॅपके तो ब्रेक काढतं, पीकेए जनुकं जागी करणाऱ्या क्रेब-१ या प्रथिनाला चालू करतं, नवी प्रथिनं बनतात आणि पेशीला नवे चेतासंधी फुटतात, जवळजवळ दुप्पट. आठवण म्हणजे अक्षरशः वाढ!

अंतराचं रहस्य मॅपकेत आहे. दोनच झटके वापरून केलेल्या प्रयोगात दुसरा झटका १५ मिनिटांनी दिला तर आठवण टिकली नाही, ६० मिनिटांनी दिला तरी नाही. ४५ मिनिटांनी दिला तर टिकली. पहिल्या झटक्याने सुरू झालेलं मॅपके नेमकं तेव्हाच तयार असतं. माणसाच्या अभ्यासाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पेशीला पहिल्या धड्यावर काम करायला वेळ लागतो, तोवर दुसरा धडा वाया जातो, हे तत्त्व तेच.

माझी आजी दिवेलागणीला पाढे म्हणून घ्यायची आणि जेवताना मध्येच विचारायची, "तेरा साती?" परवाचा पाढा, आज, न सांगता. तिला क्रेब माहीत नव्हतं, पण अंतरही होतं आणि आठवून काढणंही.

काकूंच्या मुलीसाठी आम्ही चपलांचा एक खोका घेतला. विज्ञान-पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७०च्या दशकात खोक्यातल्या कार्डांची ही पद्धत लोकांपर्यंत नेली. खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने.

पहिल्या रविवारी चाळीस कार्डं होती. दहा दिवसांत ओहमचा नियम, पेशी विभाजन सगळं पुढे सरकलं. एकच कार्ड मागे येत राहिलं : भिंगाचं सूत्र. नववीतल्या आरशाच्या सूत्रात अधिक आणि दहावीतल्या भिंगाच्या सूत्रात वजा, ती दर वेळी अधिक लिहायची. वर्गातल्या चाळीस मुलांत हा घोटाळा कदाचित तिचा एकटीचाच असेल. कोणत्याही ठशात तो दिसला नसता. तिने कार्डाच्या पाठीमागे भिंगाचं छोटं चित्र काढलं आणि शेजारी मोठा वजा. काल ते कार्ड पहिल्यांदाच तिसऱ्या कप्प्यात गेलं. आता ते सोमवारी निघेल.