एम ८७ पाहायला येण्याआधी

मार्च ते मे या काळात वांगणीच्या आमच्या आकाशदर्शनात एम ८७ ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, असतेच. नाव नोंदवताना बरेच जण विचारतात, "ते केशरी कडं दिसेल ना?" ते कडं म्हणजे १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं कृष्णविवराचं पहिलं चित्र, याच दीर्घिकेच्या गाभ्याचं. पण ते टिपायला हवाईपासून स्पेनपर्यंतच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागल्या होत्या. आमच्या आठ इंची दुर्बिणीतून ते दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दिसतो तो गोल, धुरकट ठिपका, काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा. मधोमध थोडा उजळ, कडेला विरत गेलेला. त्यात सर्पिल भुजा शोधत बसू नका. ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे, तिला भुजा नाहीतच. नवे तारे घडायला थंड वायू लागतो, तो तिच्यात फार थोडा उरलाय. त्यामुळे बहुतेक तारे जुने, पिवळसर-तांबूस. गाभ्यातून वेगाने बाहेर फेकला जाणारा कणांचा झोत मात्र वेधशाळांच्या फोटोंत स्पष्ट येतो. हेबर कर्टिस यांनी तो १९१८ मध्ये नोंदवला. लांबी सुमारे ५,००० प्रकाशवर्षं आणि मुळाशी जवळपास ६५० कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर!

आम्हाला सर्वात भावतं ते तिचं अंतर. हा प्रकाश तिथून निघाला सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. वांगणीत तुमच्या पायाखाली जो काळा कातळ असतो, तो दख्खनच्या लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा सह्याद्रीचा दगड थिजून कोटभर वर्षं झाली होती. एवढं ऐकून पुन्हा एकदा डोळा लावा, घाई करू नका.

एम ८७ कन्या तारकासमूहात आहे, उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला. एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर येते. तिथे दुर्बीण वळवणं अवघड जातं, म्हणून आम्ही ती तासभर आधीच दाखवतो. मुंबईतल्या गच्चीवरून दिव्यांच्या उजेडात ती सापडणं कठीण, तेव्हा लोकल पकडून याच. तारखा अमावास्येच्या आसपासच्या असतात.

आल्यावर निदान वीस मिनिटं मोबाइल खिशातच ठेवा. डोळे अंधाराला सरावू द्या. ठिपक्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, तो लगेच उजळ वाटेल. टॉर्च आणलात तर काचेवर लाल जिलेटिन पेपर लावून आणा. चष्मा असला तरी चालेल, दुर्बीण तुमच्या डोळ्याला जुळवून देऊ.