रेल्वेचे ‘राष्ट्रीयीकरण’ नेमके कधी झाले?

भारतीय रेल्वेचे राष्ट्रीयीकरण १९५१ साली झाले, असे विधान स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सर्रास आढळते. खासगीकरणाच्या आजच्या वादातही तेच वर्ष पुढे केले जाते. हा समज तपासून पाहणे गरजेचे आहे, कारण या एका शब्दात मालकी, कारभार आणि एकत्रीकरण अशा निरनिराळ्या काळी घडलेल्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत.

बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासाची हकिकत सर्वपरिचित आहे. त्याआधीचा, रेल्वे कंपन्यांशी झालेला १८४९ सालचा करार या वादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. जमीन सरकारने विनामूल्य द्यावी, भांडवल लंडनमधील भागधारकांनी उभारावे आणि पाच टक्के परतावा न सुटल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावी, असे त्यात ठरले. तोटा रयतेच्या माथी मारणाऱ्या या हमीमुळे खर्चाला आवर घालण्याचे कारणच कंपन्यांना उरले नाही. मात्र ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता.

तो हक्क प्रथम कलकत्त्याहून निघणाऱ्या मोठ्या मार्गाबाबत (ईस्ट इंडियन रेल्वे) बजावला गेला आणि १८८० च्या आरंभी तो मार्ग सरकारी मालकीचा झाला. मुंबईहून ठाण्याकडे निघालेला मार्ग (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) १९०० साली, तर गुजरातेकडे जाणारा १९०५ साली सरकारजमा झाला. म्हणजे प्रमुख मार्गांची मालकी स्वातंत्र्याच्या चार दशके आधीच सरकारकडे आली होती. परंतु खरेदी केलेले हे मार्ग चालवण्यासाठी पुन्हा त्याच नावाच्या कंपन्यांच्या हाती सोपवण्यात आले. त्यांची संचालक मंडळे लंडनमध्ये बसत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील असह्य गर्दी, तसेच बंदराकडे जाणाऱ्या मालाला सवलतीचा आणि देशांतर्गत वाहतुकीला चढा दर, या तक्रारींची दाद तेथे लागत नसे. मालकी बदलूनही प्रवाशाच्या आणि व्यापाऱ्याच्या वाट्याला काहीच आले नाही, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे वैगुण्य होते.

खरा निर्णायक टप्पा त्यानंतर आला. १९२०-२१ मध्ये रेल्वेच्या कारभाराबाबत नेमलेल्या चौकशी समितीत कारभार कोणी करावा यावर मतभेद झाले. अध्यक्षांसह निम्म्या सदस्यांनी सरकारी कारभाराच्या बाजूने कौल दिला. १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळातील भारतीय प्रतिनिधींनी हाच आग्रह धरला आणि १९२५ साली कलकत्त्याचा व मुंबई-ठाण्याचा असे दोन्ही प्रमुख मार्ग सरकारने प्रत्यक्ष चालवायला घेतले. उरलेल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे करार १९४४ पर्यंत संपुष्टात आणले गेले. राष्ट्रीयीकरण हा शब्द वापरायचाच असेल, तर तो १९२५ ते १९४४ या काळाला अधिक शोभतो.

मग १९५१ मध्ये काय झाले? फाळणीने तुटलेले जाळे आणि संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून १९५१-५२ मध्ये सहा विभाग आखण्यात आले. मुंबई-ठाण्याच्या त्याच मार्गाला निजाम, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे जोडून मध्य रेल्वे उभी राहिली. ही पुनर्रचना होती. खासगी मालकी तिने पूर्णपणे संपवलीही नाही. बार्शीची छोटी रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली, तर वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी नॅरोगेज वाट त्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिली.

१९२०-२१ च्या त्याच चौकशी समितीच्या दुसऱ्या शिफारशीनुसार १९२४ पासून रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा केला गेला. २०१७ मध्ये हे दोन्ही अर्थसंकल्प पुन्हा एकत्र झाले. दरम्यान १९९० मध्ये केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतून कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. ते सरकारी असले तरी कोणत्याही विभागात मोडत नव्हते. २०१९ मध्ये लखनौ-दिल्ली तेजस गाडी रेल्वेच्याच एका उपकंपनीकडे सोपवण्यात आली आणि २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ गाड्या चालवण्यासाठी खासगी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले गेले. रूळ सरकारचे आणि गाड्या कंपनीच्या, अशी ही कल्पना होती. १८८० नंतरच्या करारांशी तिचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की, त्या काळी कंपनीच्या हाती केवळ गाड्याच नव्हे, तर स्थानके, रूळ आणि मालवाहतुकीचे दरही होते.