सीट पोस्ट मागवताय? क्लॅम्पवरचा नंबर पाठवू नका

नमस्कार मंडळी. सीट पोस्ट म्हणजे सीटखालचा, फ्रेममध्ये शिरणारा दांडा. "दादा, गिअरवाल्या सायकलचा सीट पोस्ट आहे का, केवढ्याला?" हा मेसेज आमच्याकडे रोजचाच, आणि आमचा उलटा प्रश्नही रोजचाच, की साईज काय? मग तिकडून फोटो येतो, आणि बहुतेक वेळा तो सीट क्लॅम्पचा, म्हणजे पोस्ट आवळून धरणाऱ्या कड्याचा असतो. त्यावर ३१.८ (मिलिमीटर) छापलेलं असतं म्हणून गिऱ्हाईक सांगतं ३१.८ द्या, आम्ही म्हणतो तो नंबर नाही चालणार, तर म्हणतात बरं मग त्याच्या जवळचा ३१.६ पाठवा.

इथेच सगळा घोळ आहे. क्लॅम्प फ्रेमच्या पाईपला बाहेरून बसतो, म्हणून त्यावरचा आकडा पाईपच्या बाहेरच्या मापाचा असतो. सीट पोस्ट जातो पाईपच्या आत. ३१.८ चा क्लॅम्प असलेल्या अॅल्युमिनियम फ्रेममध्ये बऱ्याचदा २७.२ चा पोस्ट असतो, म्हणजे तुम्ही मागितलेला ३१.६ त्यात शिरणारच नाही. ३४.९ चा क्लॅम्प असेल तर आत ३०.९ पण असू शकतो आणि ३१.६ पण, नुसत्या क्लॅम्पवरून आम्हालाही सांगता येत नाही. स्टीलच्या फ्रेमचं तर विचारूच नका, बाहेरून २८.६ चाच पाईप, पण पत्रा पातळ असेल तर २७.२ बसतो, जाड असेल तर २६.८, २६.६, आणखी जाड असेल तर अजून खाली. साईजेस ०.२ मिलिमीटरच्या अंतराने आहेत त्या उगाच नाहीत.

मग साईज बघायची कुठे? जुन्या पोस्टवरच. आधी पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टीचा एक वेढा मारा, नाहीतर नंतर "माझी हाईट बिघडली" म्हणून परत फोन येतो. मग क्लॅम्प सैल करून पोस्ट पूर्ण बाहेर काढा, खालचं टोक फडक्याने पुसा. मिनिमम इन्सर्टची, म्हणजे पोस्ट निदान तिथपर्यंत आत हवा हे दाखवणारी, रेघ असते ना, तिच्या आसपास कोरलेलं सापडेल, नुसतं २७.२ किंवा २७.२ गुणिले ३५० असं, त्यातला ३५० म्हणजे लांबी. अक्षरं बारीक असतात, घासून पुसट पण झालेली असतात, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की उठून दिसतात. तो फोटो पाठवा, बास, बाकी काही नको.

नंबर दिसतच नसेल तर व्हर्निअरने मोजा, पण क्लॅम्पखाली आवळला जाणारा भाग सोडून, तो दाबून दाबून लंबगोल झालेला असतो. त्याच्या खाली दोन तीन ठिकाणी, आडवं उभं दोन्ही बाजूंनी मोजा. व्हर्निअर कॉलेजच्या लॅबमध्ये, लेथवाल्याकडे, कुठेही मिळेल. पट्टीने मोजून "साधारण २७ आहे" असं सांगू नका, कारण २६.८ पण साधारण २७ आणि २७.२ पण साधारण २७. काहीजण दोरा गुंडाळून घेर मोजतात. हिशोब करून बघा, ३०.९ चा घेर ९७ मिलिमीटर आणि ३१.६ चा ९९ च्या थोडा वर, तेवढं कागदाच्या पट्टीने ओळखता येतं. पण २७.० आणि २७.२ मध्ये घेराचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर, तेवढा तर दोरा ताणला तरी येतो.

"०.२ ने काय होतंय, क्लॅम्प टाईट करू" हे पण नेहमीचं. होतं काय ते सांगतो. पोस्ट बारीक पडला की सीट हळूहळू खाली बसते, मग तुम्ही अजून आवळता, फ्रेमच्या पाईपला मागे असलेली चीर वरून मिटत जाऊन उलट्या इंग्रजी व्ही सारखी दिसायला लागते, कुईकुई आवाज सुरू होतो, आणि एक दिवस त्या चिरेच्या टोकाला तडा जातो. क्लॅम्पला साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पुरतो, त्यावर लिहिलेलाही असतो. तेवढ्यात सीट धरत नसेल तर साईज चुकलीय नाहीतर पाईप आतून खराब झालाय. पोस्ट जाड असेल तर तो प्रश्नच नाही, जात नाही. तरी काही वीर हातोडीने घालतात, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

बारीक पोस्ट मोठ्या फ्रेममध्ये बसवायचा असेल तर शिम, म्हणजे मधे घालायची पातळ नळी, मिळते, २७.२ चा पोस्ट ३०.९ किंवा ३१.६ च्या फ्रेममध्ये व्यवस्थित चालतो आणि दोन्ही शिम आमच्याकडे असतात. कोल्ड्रिंकचा कॅन कापून गुंडाळण्यापेक्षा शिम घ्या, महाग नाही. उलटं मात्र होत नाही, मोठा पोस्ट लहान फ्रेममध्ये घालायला काहीही मिळत नाही.

२७.२, ३०.९, ३१.६ कायम स्टॉकमध्ये असतात, २५.४ आणि २८.६ पण बहुतेक वेळा. ब्रॉम्प्टनचा ३१.८, डहोनच्या बऱ्याच फोल्डिंगचा ३३.९, काही बी-ट्विनचा २९.८, हे मागवावे लागतात, तेव्हा घाई करू नका. जायंटच्या काही सायकलींना डी आकाराचा पोस्ट असतो, तो गोल नाहीच, त्यासाठी कंपनीच्याच शोरूमला जा. आणि साध्या काळ्या सायकलचा सीट पिलर हवा असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात घ्या, कुरिअरचे पैसे का घालवता.

आता परत घेण्याबद्दल. फोटोशिवाय आम्ही पार्सल पाठवत नाही, यावर काहीजण चिडतात, की ऑनलाईनवाले एवढे प्रश्न विचारत नाहीत. खरंय, नाही विचारत. पण पोस्ट एकदा फ्रेममध्ये घातला की त्यावर उभे ओरखडे येतात, तो पुढच्या गिऱ्हाईकाला नवा म्हणून आम्ही देणार नाही, म्हणून घातलेला पोस्ट परत घेत नाही. फोटो बघून आम्ही साईज सांगितली आणि ती चुकली तर बदलून देतो, कुरिअर आमचं. तुम्ही स्वतः आकडा सांगितलात तर जबाबदारी तुमची.

जुना पोस्ट हरवलाय, चोरीला गेलाय, तर सायकल दुकानात आणा. जुन्या पोस्टांचे तुकडे कापून त्यावर मार्करने साईज लिहून ठेवलीयत, एकेक घालून बघतो. क्लॅम्प सैल असताना हाताने सरकत आत गेला आणि हलवल्यावर खडखडला नाही तो बरोबर. पाच मिनिटांचं काम, पैसे घेत नाही.

नवा पोस्ट घालताना आत ग्रीसचा पातळ हात मारा, कार्बन असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट येते. रेघेच्या वर पोस्ट काढून चालवू नका, उंच माणसाने सरळ ४०० लांबीचा घ्यावा. आणि पावसाळ्याआधी एकदा पोस्ट काढून पुसून परत ग्रीस करा, विशेषतः कोकणातल्या मंडळींनी, स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पोस्ट पाण्याने असा काही धरतो की हलत नाही. तसा अडकला तर पान्याने पिळू नका, आहे तशी सायकल घेऊन या. निघतो बहुतेक, पण वेळ लागतो, त्यामुळे शनिवारी रात्री सायकल टाकून रविवारी पहाटेच्या राईडला मागू नका.