आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवसाय-स्पर्धा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संघ करून, इंटरनेटवरून, धंद्यातला एखादा प्रश्न सोडवायचा आणि आपले उत्तर इतर देशांतील संघांच्या बरोबरीने परीक्षकांपुढे ठेवायचे, अशा स्पर्धांचा प्रकार. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधील वाणिज्य व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना घर न सोडता परदेशी बाजाराची ओळख होते, म्हणून कोकणात या स्पर्धांना विशेष महत्त्व आहे.

या स्पर्धांचे मूळ संगणकावरील व्यवसाय-खेळांत सापडते. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने असा खेळ १९५० च्या दशकात तयार केला. पोर्तुगालमध्ये १९८० साली ग्लोबल मॅनेजमेंट चॅलेंज सुरू झाले. त्यात प्रत्येक संघ एक काल्पनिक कंपनी चालवतो आणि किंमत, उत्पादन, जाहिरात यांचे निर्णय घेतो. हल्ट प्राइझ या स्पर्धेत सामाजिक उद्योगाची, म्हणजे समाजाचा एखादा प्रश्न सोडवणाऱ्या धंद्याची, कल्पना मांडतात आणि विजेत्या संघाला १० लाख डॉलरचे भांडवल मिळते.

याहून वेगळा प्रकार एक्स-कल्चरचा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतील प्राध्यापक व्हास तारास यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. येथे एका महाविद्यालयाचा संघ नसतो. संघातील विद्यार्थी निरनिराळ्या देशांतले आणि एकमेकांना अनोळखी असतात. साधारण दोन महिन्यांत त्यांना एखाद्या खऱ्या कंपनीसाठी नव्या बाजारात उतरण्याचा आराखडा लिहायचा असतो. सदस्य एकमेकांच्या कामाला गुण देतात, त्यामुळे नुसते नाव लावून बसणाऱ्याची गय होत नाही. कोकणातील विद्यार्थ्यांना हाच प्रकार सर्वांत उपयोगी आहे. काल्पनिक कंपनीचा नफा वाढवण्यापेक्षा, इंडोनेशिया, जर्मनी आणि ब्राझीलच्या मुलांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाद घालून एक पान पक्के करणे कितीतरी अवघड, आणि निर्यातीच्या धंद्यात रोज हेच करावे लागते. वेळेच्या बाबतीत भारत सोयीचा आहे. रत्नागिरीत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असताना साओ पावलोत सकाळचे अकरा आणि जाकार्तात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे कोणालाच मध्यरात्री जागावे लागत नाही.

विषयाच्या ज्ञानात तर कोकणातली मुले मागे नाहीत, फक्त त्यांना ते जाणवत नाही. निर्यातीतील बिगर-शुल्क अडथळे, म्हणजे आयात कराखेरीजच्या अटी व बंधने, इतरत्र पुस्तकातून शिकवतात. बागायतदाराच्या घरात ते जेवताना बोलले जातात. खेपांमध्ये फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. अमेरिकेची दारे २००७ मध्ये उघडली ती विकिरण प्रक्रियेच्या (किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याच्या) अटीवर, तर जपानला बाष्प-उष्णता प्रक्रिया केलेले, म्हणजे गरम वाफेने कीड मारलेले, फळ लागते. एकाच हापूसला बाजारागणिक अटी वेगळ्या, आणि साका (फळाच्या आतला गर खराब होण्याचा दोष) निघाला तर नुकसान सोसायचे बागायतदाराने. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते आहे. वाशीच्या घाऊक बाजारातील दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, वाचता येणाऱ्या मुलीने किंमत-साखळीवरचे प्रकरण लिहिले, तर त्याला वजन येते. तिने ते संकोच न करता लिहावे.

अडचणीही खऱ्या आहेत. वर्षाच्या पहिल्या सहामाहीतील फेऱ्या नेमक्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांच्या आणि आंबा उतरवण्याच्या दिवसांत येतात. घरची माणसे बागेत असताना लॅपटॉपपुढे बसणे सोपे नसते. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क बेभरवशाचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. म्हणून आपली परिस्थिती संघाला पहिल्याच बैठकीत सांगावी आणि मसुदा मुदतीच्या दोन दिवस आधी सामायिक फाइलमध्ये टाकावा. परदेशी सहकाऱ्यांना अडचण आधी कळली तर ते सांभाळून घेतात. ऐनवेळी गायब होणाऱ्याचे गुण मात्र जातात.

एक्स-कल्चरमध्ये विद्यार्थी सहसा प्राध्यापकामार्फत नोंदवले जातात. त्यामुळे लहान महाविद्यालयात एखाद्या शिक्षकाने पुढाकार घेऊन हे काम अंतर्गत मूल्यमापनात धरले, तरच मुले ते शेवटपर्यंत नेतात.